हणजूणचा मुक्काम

हवापालट हा शब्द मराठी कुटुंबांच्या चांगला परिचयाचा आहे. दुखणाईत माणूस अंथरुणावरून उठला की वैद्य त्याला हवापालटास पाठवीत. शाळांना सुटी लागली की घरची मंडळी माथेरानास, लोणावळ्यास किंवा कोकणातल्या आजोळी जात. हल्ली हा हवापालट फारच आखूड झाला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गजबजलेल्या गावांतील माणसे पावसाची पहिली झड ओसरली की एखाद्या रविवारी बारवी धरणाच्या बाजूस फिरावयास निघतात. उल्हास नदीला मिळणाऱ्या बारवीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली हे धरण पुरे केले ते कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या पाण्यासाठी. कोणाच्या विसाव्याचा विचार त्यात नव्हता. तरीही हिरव्या डोंगरांच्या कुशीतल्या पाण्याकडे पाहत डबा सोडावा आणि दिवेलागणीच्या लोकलने घरी परतावे, एवढ्याने पुष्कळांचा शीण उतरतो.

ज्या वर्षी हे धरण पुरे झाले, त्याच वर्षी थंडीच्या दिवसांत मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर विसाव्याची एक अगदी निराळी तऱ्हा पाहावयास मिळत असे. गोव्याच्या आगबोटीची वाट पाहत युरोप-अमेरिकेतील तरुण-तरुणींचे घोळके धक्क्यावर पथाऱ्या पसरून बसलेले असत. केस खांद्यापर्यंत वाढलेले, अंगावर अफगाणी बंडी, पाठीवर बोचके. यांपैकी बहुतेकजण घर सोडून चार-सहा महिने झालेले होते आणि आणखी कित्येक महिने घरी जाणार नव्हते. मधला काही काळ समुद्रकाठी नुसते पडून राहण्यासाठी ते निघाले होते. जगाने त्यांना हिप्पी हे नाव दिले; ते स्वतःला 'फ्रीक' म्हणवून घेत.

यांच्या गोव्यातील मुक्कामाचा इतिहास आजवर बहुधा दोनच सुरांत सांगितला गेला आहे. जे येऊन राहिले ते स्वर्गात राहिल्याच्या आठवणी सांगतात. जे दुरून पाहत होते ते गोवा कोणी बिघडविला याची फिर्याद मांडतात. दोन्ही कथांत एक गोष्ट हटकून गळते, ती म्हणजे गाव. परक्या देशातील, परक्या चालीरीतींची ही माणसे ज्या घरांत महिनेच्या महिने राहिली ती घरे कोणाची होती, ती रिकामी का होती, आणि घरमालकिणीने दार उघडले ते कशासाठी, हे प्रश्न कोणी फारसे विचारीत नाही.

समुद्रकाठचा विसावा गोव्याला या पाहुण्यांनी शिकविला असा एक समज आहे. तो खरा नाही. पोर्तुगीज अमदानीत मडगाव, म्हापसा आणि आतल्या गावांतील कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर बिऱ्हाड करीत. पोर्तुगीज भाषेत बदलाला जो शब्द आहे त्यावरून या रिवाजाला मुदांस म्हणत. आपल्या हवापालटाचेच हे गोमंतकीय रूप. खाऱ्या पाण्यात नियमाने स्नान केले म्हणजे सांधेदुखी, खरूज वगैरे विकारांना उतार पडतो अशी दृढ समजूत होती. कळंगुट आणि कोलवा येथे घरे भाड्याने मिळत. तांदूळ, सुकी मासळी, भांडीकुंडी, अंथरुणे बैलगाडीत घालून मंडळी निघत, आणि पाऊस तोंडावर आला की परत जात. उन्हात पडून अंग भाजून घेण्याची कल्पना मात्र त्यांच्या स्वप्नातही आली नसेल. स्नान सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर. दुपारी घराची दारे बंद.

घाटावरच्या आणि मुंबईच्या मराठी कुटुंबाचा गोवा याहूनही वेगळा होता. तो मंगेशीचा, शांतादुर्गेचा, म्हाळसेचा गोवा. कुलदैवताला अभिषेक करून, ओटी भरून, देवळाच्या अग्रशाळेत जेवून परतावयाचे. समुद्र पाहिला तर घटकाभर, पायाचे घोटे भिजतील इतकाच. इंग्रजांची गोष्टही पूर्वी फारशी निराळी नव्हती. रिचर्ड बर्टन हा पुढे नावारूपास आलेला प्रवासी १८४७ साली आजारपणाच्या रजेवर मुंबईहून पतेमारीत बसून गोव्यास आला आणि १८५१ साली त्याने त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. त्याला आकर्षण होते ते जुन्या गोव्याच्या भग्न वैभवाचे. समुद्र ही त्याच्या लेखी एक वाट होती, आणि तीही त्रासाची.

मग किनारा हाच ज्यांच्या प्रवासाचा मध्य ठरला असे प्रवासी आले कोठून? याचे उत्तर खुष्कीच्या मार्गात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात समृद्धी परतली आणि तेथील तरुणांच्या हाती थोडा पैसा व पुष्कळ वेळ आला. १९५७ साली 'इंडियामन' नावाची बस लंडनहून निघून सुमारे पन्नास दिवसांनी कलकत्त्यास पोहोचली. भाडे होते ८५ पौंड. पुढच्या दहा-बारा वर्षांत या वाटेवर जुन्या बसगाड्या, टपालखात्याने मोडीत काढलेल्या मोटारी आणि रस्त्यात हात दाखवून मिळेल त्या वाहनाने जाणारे एकटे-दुकटे यांची रीघ लागली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबरखिंड, पेशावर, लाहोर, अमृतसर, दिल्ली असा तो मार्ग होता. इस्तंबुलात 'पुडिंग शॉप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहाच्या फळ्यावर प्रवासी एकमेकांसाठी चिठ्ठ्या लावून ठेवीत: अमुक तारखेस गाडी निघते, दोन जागा शिल्लक आहेत.

यातील मौजेचा भाग असा की अफगाणिस्तानातील ज्या गुळगुळीत रस्त्यांनी हा प्रवास सुकर केला, त्यांपैकी हेरात-कंदाहार रस्ता रशियाने बांधून दिला होता आणि कंदाहार-काबूल रस्ता अमेरिकेने. दोन महासत्ता अफगाणांचे मन वळविण्याच्या चढाओढीत होत्या. फायदा झाला तो लष्करात जाण्यास नाखूष असलेल्या पोरांचा. १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे इंग्रज जोडपे याच मार्गाने पूर्वेकडे निघाले. त्यांनी आपली मोडकी मोटार काबुलात विकली, आणि १९७३ साली आशियातून स्वस्तात प्रवास कसा करावा यावर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातूनच पुढे 'लोनली प्लॅनेट' ही प्रवासग्रंथांची मोठी संस्था उभी राहिली.

भारतापुरते पाहिले तर तीन घटना एकापाठोपाठ घडल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि मुंबई-गोवा दळणवळणावरील निर्बंध गेले. तोपर्यंत कित्येक वर्षे नाकेबंदीमुळे हा मार्ग जवळजवळ तुटलेलाच होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ज्या डॉलरला ४ रुपये ७६ पैसे मिळत त्याला साडेसात रुपये मिळू लागले. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हे इंग्रज गवय्ये महर्षी महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमात येऊन राहिले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. हृषीकेशचे नाव झाले खरे. पण आश्रमाची शिस्त फार थोड्यांना मानवली. शिवाय हिमालयाची थंडी. हिवाळा लागला की ही मंडळी नेपाळ व कुलूहून खाली उतरत आणि ऊब शोधीत दक्षिणेस येत.

त्यांना विश्रांतीची गरज खरोखरच होती, हे विसरता कामा नये. या वाटेवर निघालेल्यांपैकी हगवण किंवा कावीळ झाली नाही असा भाग्यवान विरळा. महिनोन्महिने बसच्या फळीवर झोपलेला, अर्धपोटी, पैशांचा हिशेब करून कंटाळलेला माणूस भाऊच्या धक्क्यावर येई, तेव्हा त्याला हवे असे एक छप्पर, गोडे पाणी, ताजी मासळी आणि 'आता पुढे कोठे?' असे न विचारणारी जागा.

'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या आगबोटींची नावे जुन्या मुंबईकरांच्या स्मरणात असतील. भाऊच्या धक्क्याहून निघालेली बोट कोकणची बंदरे घेत सुमारे एका दिवसाने पणजीस मांडवीच्या तीरावर लागे. डेकवर शेजारी पथारी पसरलेला उतारू कोण असे? पुष्कळदा तो गोमंतकीय खलाशी असे. कोंकणीत त्याला तारवोटी म्हणतात. इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी, वाढपी, खलाशी म्हणून बारदेश आणि सासष्टीच्या पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करीत आल्या होत्या. एक बोट सोडून दुसरी मिळेपर्यंत ही माणसे मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांतल्या 'कुडां'त राहत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालविलेला स्वस्त निवारा. एका भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, एका बाजूस गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सक्तीची प्रार्थना. याखेरीज कोणी पूर्व आफ्रिकेत कारकून, कोणी कराचीत संगीतमास्तर, कोणी पुढे इराणी आखातात तेलकंपनीत. बारदेशाच्या किनाऱ्यावरील गावांत प्रत्येक घरातील निदान एक कर्ता पुरुष समुद्रापलीकडे असावयाचाच.

म्हणून हणजूण, कळंगुट, बागा, वागातोर येथील घरे मोठी आणि माणसे थोडी. जांभ्या दगडाच्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पुढे बसावयास सोपा, मागे विहीर आणि माड. परदेशातील पगारातून बांधलेल्या या घरात एक म्हातारी, एक सून आणि दोन मुले राहत. मनीऑर्डर वेळेवर आली तर ठीक. बोट लांबली की वाण्याची उधारी वाढे. अशा घराच्या दाराशी एक दिवस परदेशी जोडपे उभे राहिले आणि खुणेने एक खोली मागू लागले. घरमालकिणीला हे दृश्य वाटते तितके विचित्र वाटले नसावे. तिचा नवरा लिव्हरपूल पाहून आला होता, दीर मोंबाशास होता. लांब प्रवास, परकी भाषा, भाड्याची खोली आणि घरून येणाऱ्या पैशाची वाट या गोष्टी त्या घराला नव्या नव्हत्या.

गोमंतकीयांच्या सहनशीलतेचे कौतुक करताना ते 'सुशेगाद' आहेत, निवांत आहेत, असे म्हणण्याची चाल पडली आहे. हे स्पष्टीकरण आळशीपणाचे आहे. घर चालविणाऱ्या बाईचा व्यवहार त्यामागे होता. खोलीचे भाडे, विहिरीचे पाणी, दोन वेळचा भात आणि हुमण, कपडे धुण्याचे पैसे, यांतून मुलांच्या शाळेची फी निघे. हिशेब तिचा असे. पाहुण्यांना तो ठाऊकही नसे. सकाळी सायकलचा भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर, माडावर चढणारा रेंदेर, पहाटे मासळी आणणारी खारवीण या सगळ्यांच्या मिळकतीत हिवाळ्याचे चार महिने भर पडू लागली. पुढे झोपडीवजा चहाची दुकाने निघाली, आणि फणसाच्या झाडाखाली बाके टाकून एखाद्याने उपाहारगृहही मांडले.

प्रारंभी वस्ती कळंगुटला आणि दक्षिणेकडे कोलव्यास होती. कळंगुटला वर्दळ वाढली तशी मंडळी उत्तरेस सरकली: बागा, मग खडकाळ किनाऱ्याचे हणजूण, मग शापोऱ्याच्या जुन्या किल्ल्याखालचे वागातोर, आणि त्याहीपुढे नदीपलीकडे पेडणे महालातील हरमल, जेथे समुद्रापासून काही पावलांवर गोड्या पाण्याचे तळे आहे. या वसाहतीचा अनभिषिक्त कारभारी म्हणून ज्याचे नाव निघते तो यर्टवर्ड माझमानियन हा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन गृहस्थ. उजव्या हाताला तीनच बोटे असल्यामुळे सगळे त्याला 'आठबोट्या एडी' म्हणत. १९२४ साली जन्मलेला हा माणूस १९६० च्या दशकाच्या मध्यास गोव्यात आला तेव्हा चाळिशीचा होता, म्हणजे इतरांच्या बापाच्या वयाचा. तो तत्त्वज्ञान सांगत नसे, चेले करीत नसे. हणजूणला त्याने एक मोठे पातेले चुलीवर चढविले, आणि ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याला सूप मिळेल अशी सोय केली. लांबच्या वाटेवर सदावर्ताचे महत्त्व काय असते हे आपल्या यात्रेकरूंना सांगावयास नको.

हणजूणचा बुधवारचा बाजारही याच गरजेतून निघाला. परतीच्या तिकिटाला पैसे नसत. म्हणून आपला कॅमेरा, टेपरेकॉर्डर, जीनची विजार, झोपण्याची पिशवी वाळूत मांडून विकावयाची. घेणारे दुसरे प्रवासी, आणि पुढेपुढे गावातील हौशी तरुण. काही वर्षांतच या बाजारात काश्मिरी शाली, तिबेटी माळा आणि कर्नाटकातून आलेल्या लमाण बायकांचे आरशांचे कापड आले. मूळ विक्रेते अल्पसंख्य झाले आणि बाजार मात्र टिकला.

या मुक्कामाला एक नैसर्गिक शेवट होता, आणि तोच त्याचा सर्वांत सुंदर नियम म्हटला पाहिजे. नाताळात गर्दी कळसास जाई, पौर्णिमेच्या रात्री वाळूवर गाणेबजावणे चाले, मार्चमध्ये उकाडा सुरू होई, आणि पावसाळ्यासाठी आगबोट बंद होण्यापूर्वी माणसे उठत. कोणी मनालीस जाई, कोणी काठमांडूस, कोणी घरी. जूनमध्ये किनारा पुन्हा गावाचा होई. होड्या झावळ्यांखाली उपड्या ठेवल्या जात आणि रिकाम्या खोल्यांत कांदे, सुकी मासळी, सरपण भरले जाई.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गांजा आणि चरस या मंडळींच्या नित्याच्या वस्तू होत्या, आणि हळूहळू त्यांची जागा अधिक जहाल पदार्थांनी घेतली. दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी काहींचा चरितार्थच चोरट्या व्यापारावर चाले. क्लिओ ओझर या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकातील हणजूणमधील स्वतःच्या वास्तव्यावर १९९५ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात ही हकीकत कसलाही आडपडदा न ठेवता दिली आहे. नेपाळने १९७३ साली चरसाची दुकाने बंद केली. भारतात मादक पदार्थांविषयीचा कडक कायदा १९८५ साली आला. त्या मधल्या बारा वर्षांत गावातील काही मुलांनाही त्या नादाने ओढले. त्यांची नोंद कोणत्याही प्रवासवर्णनात नाही.

विवस्त्र स्नानाचा प्रश्न होताच. देवभीरू ख्रिस्ती गावात हे रुचणे शक्य नव्हते. पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी तक्रारी केल्या. पण याहूनही लाजिरवाणी गोष्ट अशी की ते पाहण्यासाठी मुंबईहून आणि घाटावरून पुरुषांनी भरलेल्या बसगाड्या रविवारी किनाऱ्यावर येऊ लागल्या. पाहणारे नीतीच्या गप्पा मारीत परत जात. सभ्य समाजाने हिप्पींच्या नावाने जेवढी बोटे मोडली त्यांतील काही या बसगाड्यांकडेही वळावयास हवी होती. १९७१ साली देव आनंद यांनी 'हरे राम हरे कृष्ण' हा चित्रपट काठमांडूतील हिप्पी वस्तीवर काढला आणि घरोघरी या लोकांचे जे चित्र ठसले ते बहुतेक त्या पडद्यावरचेच.

या वाटेवरील एकाकी प्रवासी हा भामट्यांचे सोपे भक्ष्य होता. चार्ल्स शोभराज याने १९७० च्या दशकात अशाच प्रवाशांना विश्वासात घेऊन, गुंगीचे औषध घालून लुटले. काठमांडूतील १९७५ सालच्या खुनाबद्दल त्याला पुढे नेपाळच्या न्यायालयाने शिक्षा दिली. तिहार तुरुंगातून पळालेल्या या माणसाला एप्रिल १९८६ मध्ये मुंबई पोलिसांचे अधिकारी मधुकर झेंडे यांनी पकडले ते पणजीजवळ पर्वरी येथील एका उपाहारगृहात. पळपुट्यालाही लपावयास गोवाच सुचावा, यात नवल नाही. परक्या चेहऱ्याकडे वळून पाहण्याची सवय त्या भागाने तोवर सोडून दिली होती.

पाहुणे वाळूवर पहुडलेले असताना त्याच वाळूवर एक वेगळा झगडा चालला होता. रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. ते ओढण्यास पुष्कळ हात लागतात आणि मिळालेली मासळी त्या हातांत वाटली जाते. १९६० च्या दशकापासून यांत्रिक ट्रॉलर आले. ते किनाऱ्यालगतच मासे ओरबाडू लागले, आणि रापणकारांची जाळी रिकामी येऊ लागली. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. अखेर १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. परदेशी लोकांच्या आठवणींत रापण येते ती संध्याकाळच्या प्रकाशातील एक देखणी आकृती म्हणून. ओढणारा त्या दिवशी काय घेऊन घरी गेला हे त्यांना दिसले नाही, आणि मोर्चा तर मुळीच दिसला नाही.

१९७९ हे वर्ष या कथेत निर्णायक ठरले. जानेवारीत इराणचा शहा देश सोडून गेला. नोव्हेंबरमध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतील लोक ओलीस धरले गेले. डिसेंबरमध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. खुष्कीचा मार्ग मधोमध तुटला. हेरातच्या बाजारात थांबणारी बस पुन्हा धावली नाही. काबूलमधील ज्या गल्लीत मेंढीच्या कातड्याचे डगले विकले जात तेथे काही काळाने रणगाडे उभे राहिले. गोव्यावर मात्र पहिल्या एक-दोन हंगामांत याचा परिणाम जाणवला नाही, कारण माणसे विमानाने येऊ लागली. पण विमानाने येणारा माणूस वेगळा होता. त्याच्या अंगावर वाटेची धूळ नव्हती, त्याला कावीळ झालेली नव्हती, आणि परतीची तारीख तिकिटावर छापलेली होती. मधल्या मुक्कामाचे गाव आता प्रवासाचे अखेरचे स्थानक झाले.

सरकारला आणि भांडवलाला हा फरक लवकर उमगला. आग्वाद किल्ल्यालगत १९७४ सालीच मोठे हॉटेल उभे राहिले होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली आणि मधल्या दिवसांत इंदिरा गांधींनी सर्व राष्ट्रप्रमुखांना विसाव्यासाठी गोव्यात आणले. म्हणजे श्रीमती थॅचर यांनीही लांबच्या दौऱ्यातील आपला हवापालट बारदेशाच्या किनाऱ्यावरच केला. फक्त बोचके उचलावयास माणसे होती. त्याच इंदिरा गांधींनी १९८१ साली मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांत बांधकाम होऊ देऊ नये असे बजावले होते, आणि त्याच सूत्रावर १९९१ साली किनारा-नियमनाची अधिसूचना निघाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने थेट दाबोळीस उतरू लागली. त्या दशकाच्या उत्तरार्धात 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने त्या पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. ज्या गावांनी फाटक्या हिप्पीला खोली दिली त्यांच्याच प्रदेशात सभ्य वेषातील पर्यटकाविरुद्ध घोषणा का झाल्या, हे कोडे वाटण्याचे कारण नाही. हिप्पीचे भाडे म्हातारीच्या हातात पडे. चार्टरच्या पाहुण्याचे पैसे फ्रांकफुर्टच्या कचेरीत भरले जात, आणि विहिरीचे पाणी मात्र गावाचेच आटे.

आगबोट पुढे बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वेची वाहतूक पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबईहून गोवा एका रात्रीवर आला. हणजूणच्या पौर्णिमांतून निघालेले संगीत 'गोवा ट्रान्स' या नावाने युरोपातील नृत्यगृहांत गेले आणि तेथून दामदुप्पट आवाजाने परत आले. आठबोट्या एडी ऑक्टोबर २०१० मध्ये गोव्यातच वारला. त्या पिढीतील काही थोडे म्हातारे आजही हिवाळ्यात येतात, ओळखीच्या घरी उतरतात आणि आता आजी झालेल्या सुनेशी मोडक्या कोंकणीत बोलतात.

त्या घरांपैकी पुष्कळ घरांना मात्र कुलूप आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. ते मिळवून बारदेशातील हजारो तरुण लिस्बनला आणि तेथून इंग्लंडात गेले. स्विंडन या गावी त्यांची मोठी वस्ती झाली आहे. तेथे ते वखारींत आणि कारखान्यांत पाळीने काम करतात आणि एका घरात चार-पाच जण मिळून भाडे भरतात. शिवोली, आसगाव, हणजूण येथील त्यांचे सोपे दिल्ली-मुंबईचे धनिक विकत घेत आहेत. जी विकली गेलेली नाहीत त्यांच्या विहिरीवर शेजारीण लक्ष ठेवते, आणि मे महिन्यात घरची माणसे तीन आठवड्यांच्या रजेवर येतात तेव्हा आदल्या दिवशी खिडक्या उघडून ठेवते.